जिनिव्हाचा कायदा भांडुपच्या गेटपर्यंत

माझं बहुतेक आयुष्य कामगार संघटनेच्या कार्यालयात गेलं. मुलुंड चेकनाक्यापासून घाटकोपरपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना कारखान्यांचे भोंगे वाजत होते, तेव्हापासून हे काम करते आहे. संघटनेत नव्याने येणारी मुलंमुली एक प्रश्न हमखास विचारतात: आपल्या सरकारने आयएलओच्या कन्व्हेन्शनवर सही केलीय ना, मग ते इथे पाळलं का जात नाही? प्रश्न रास्त आहे. ‘आंतरराष्ट्रीय कायद्यात काही दम नसतो’ हे त्याचं नेहमीचं उत्तर मात्र मला पटत नाही. याच उपनगरांत बाहेरचा कायदा ठरल्या तारखेला अमलात आलेलाही मी पाहिला आहे. सरकार तेच असतं. मागणारा कोण, भुर्दंड कोणावर पडतो आणि कागद कोणाच्या टेबलावर जातो, यावर पुढचं सगळं ठरतं. इतक्या वर्षांत जे उमजलं ते त्या मुलांसाठी लिहिते आहे.

१. सहीच्या तारखेइतकीच तिच्या मागचीपुढची वर्षं बघावीत.

भारताने आयएलओची, म्हणजे जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, ४७ कन्व्हेन्शनं (आंतरराष्ट्रीय करार) मान्य केली आहेत. पण देशातला कायदा आणि व्यवहार कन्व्हेन्शनशी जुळला की मगच मान्यता द्यायची, हे आपल्या सरकारचं जाहीर धोरण आहे. कामाला लावण्याचं किमान वय ठरवणारं १३८ नंबरचं कन्व्हेन्शन १९७३ चं. आपण बालमजुरीचा कायदा २०१६ मध्ये बदलला आणि १३ जून २०१७ रोजी १३८ आणि बालमजुरीच्या सर्वांत वाईट प्रकारांविरुद्धचं १८२ या दोन्हींना मान्यता दिली. मधे ४४ वर्षं गेली. त्यातही घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत करायची सवलत राहिली. मालाड-कांदिवलीच्या वस्त्यांत इमिटेशन ज्वेलरीचे खडे चिकटवणारी लहान बोटं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही सवलत केवढी मोठी आहे हे वेगळं सांगायला नको.

समान वेतनाच्या बाबतीत उलटं घडलं. १०० नंबरचं कन्व्हेन्शन आपण १९५८ साली स्वीकारलं आणि कायदा वटहुकुमाच्या रूपात आला १९७५ मध्ये, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात. म्हणजे मान्यतेनंतर सतरा वर्षं बायका वाटच पाहत होत्या.

आणखी मागे गेलं तरी हेच दिसतं. आयएलओ १९१९ मध्ये स्थापन झाली तेव्हा भारत तिचा संस्थापक सदस्य होता, इंग्रजांच्या अमलाखाली असूनही. वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले. परिषदेने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ठरवले, पण ब्रिटिश हिंदुस्थानासाठी त्याच कन्व्हेन्शनमध्ये वेगळं कलम घालून ६० तास ठेवले. मग १९२१ मध्ये मान्यता मिळाली आणि १९२२ मध्ये फॅक्टरी कायद्यात ६० तास आले. पाळता येईल एवढंच कबूल करून घ्यायचं आणि मग ते पाळायचं. तरीही त्या साठ तासांना मी कमी लेखत नाही. बारा तासांच्या पाळीत राबणाऱ्या गिरणी कामगाराच्या हाती त्यातून खरी सुटका आली.

२. न झालेल्या सह्यांकडे जास्त लक्ष द्यावं.

संघटना स्थापन करण्याचं स्वातंत्र्य देणारं ८७ आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क देणारं ९८. ही दोन कन्व्हेन्शनं १९४८-४९ पासून पडून आहेत. सरकार कारण सांगतं, की ती मान्य केली तर सरकारी नोकरांना त्यांच्या आचरण नियमांत नाकारलेले हक्क द्यावे लागतील. कारण खोटं नाही, पण तेवढंच आहे असं मला वाटत नाही.

मुंबईच्या माणसाला हे समजायला १९८२ चा गिरणी संप आठवावा लागतो. मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ नुसार गिरणीत मालकाशी बोलण्याचा अधिकार फक्त ‘प्रातिनिधिक’ संघटनेला, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता. दोन-अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे उभे राहिले तरी कायद्याच्या लेखी त्यांचा नेता दुसराच होता. हा कायदा रद्द करा, ही त्या संपातली एक प्रमुख मागणी होती. सामंत आमच्या घाटकोपरचे. तिथे त्यांचा दवाखाना होता, आणि खाणकामगारांवर उपचार करता करता ते त्यांच्या लढ्यात ओढले गेले. उपनगरांतल्या इंजिनीअरिंग कारखान्यांना गिरण्यांचा कायदा लागू नव्हता, म्हणून तिथे त्यांना करार करता आले; गिरणगावात नाही. एकाच शहरातल्या या दोन पट्ट्यांत कामगाराने निवडलेल्या नेत्याची किंमत दोन कायद्यांनी वेगवेगळी ठरवली.

९८ नंबर मान्य असतं तर संप जिंकला असता, असा माझा दावा नाही. पण ‘आमच्या वतीने कोण बोलेल हे आम्ही ठरवणार’ या वाक्याला देशाबाहेरचा एक आधार मिळाला असता. सरकारं तोच आधार देणं टाळतात. सत्ता वाटून घ्यावी लागते तिथे सही लांबते, हे मी सगळ्या पक्षांच्या राज्यात पाहिलं.

३. उलटा फटका देण्याची ताकद दुसऱ्या बाजूला असेल, तर फाइल भराभर हलते.

अंधेरी-साकीनाक्याच्या औद्योगिक वसाहतींत १ एप्रिल २००१ ही तारीख आजही जुन्या गाळेवाल्यांच्या लक्षात आहे. परकीय चलनाच्या टंचाईचं कारण देऊन भारत कित्येक वस्तूंच्या आयातीवर संख्यात्मक निर्बंध ठेवत असे. अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. आता गंगाजळी पुरेशी आहे, टंचाईचं कारण टिकत नाही, असा निकाल १९९९ मध्ये अपिलातही भारताविरुद्ध गेला. ठरलेल्या दिवशी उरलेल्या ७१५ वस्तूंवरचे निर्बंध उठले. मोर्चे निघाले, संसदेत आरडाओरडा झाला, तारीख हलली नाही. आमच्या सभासदांपैकी काहींचे मालक पुढच्या काही वर्षांत माल बनवायचं सोडून आणून विकायला लागले आणि मशीनवरचे कारागीर गोदामात हमाली करू लागले.

पेटंटचंही तेच झालं. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९७ च्या निकालानंतर १९९९ मध्ये कायदा बदलला आणि २००५ मध्ये औषधांवर उत्पादन-पेटंट आलं. पण इथे सरकारने एक शहाणपणाची गोष्ट केली, आणि तिचं श्रेय द्यायला हवं. जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवं पेटंट मागण्याला कलम ३(ड) ने आडकाठी घातली. याच कलमावर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात नोव्हार्टिस ही औषध कंपनी हरली आणि रक्ताच्या कर्करोगावरची गोळी स्वस्त राहिली. करार पाळूनही आपल्या माणसाचं हित राखता येतं, मसुदा लिहिणाऱ्याने मनावर घेतलं तर.

उलट उदाहरणही अंधेरीतच आहे. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने निर्यातीशी बांधलेल्या भारताच्या अनेक सवलती नियमबाह्य ठरवल्या. त्यांत सीप्झसारख्या विशेष आर्थिक क्षेत्रांतल्या सवलतीही होत्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संघटनेच्या अपील मंडळाचं काम सदस्यांअभावी थांबलं, आणि भारताचं अपील तिथे अडकून राहिलं. तरी एमईआयएस नावाची सवलत २०२० अखेर बंद होऊन १ जानेवारी २०२१ पासून दुसरी योजना आली. सीप्झचं मूळ बांधकाम मात्र उभंच आहे. निकालातला सोपा तुकडा सरकारने पाळला आणि अवघड तुकडा अपिलाच्या आडोशाला ठेवला.

युरोपात हा फटका पैशांत मोजतात. क्रीट बेटावरच्या एका कचराभूमीबद्दलचा आदेश ग्रीसने पाळला नाही, म्हणून युरोपीय न्यायालयाने २००० साली त्या देशाला दिवसाला २० हजार युरो दंड लावला. सदस्य देशाला असा दंड होण्याची ती पहिलीच वेळ. मुलुंडची कचराभूमी बंद होण्याची वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या आम्हा लोकांना अशा दंडाचं मोल सहज कळतं. आयएलओकडे असलं काही नाही. सदस्य देशावर कारवाईची शिफारस करणारं तिच्या घटनेतलं ३३ वं कलम पहिल्यांदा वापरलं गेलं ते २००० मध्ये, सक्तमजुरीबद्दल म्यानमारविरुद्ध. आधीची ऐंशी वर्षं ते कोरंच होतं.

४. न्यायाधीशाच्या हातात कागद द्यावा, पण कायद्याच्या कलमाला बांधून.

कामगार न्यायालयात नुसतं ‘आयएलओ म्हणते’ असं म्हणून काही मिळत नाही. आपल्या कायद्याचं कलम पुढे ठेवायचं आणि त्याचा अर्थ लावण्यासाठी कन्व्हेन्शन वापरायचं. मुंबईच्या ऑड्रे डिकोस्टा यांच्या खटल्यात हे नीट दिसतं. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत स्टेनोग्राफर बायकांना पुरुषांपेक्षा कमी पगार होता. कंपनी म्हणे, बायकांचं कामच वेगळं. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समान वेतनाचा कायदा वाचताना १०० नंबरच्या कन्व्हेन्शनचा आधार घेतला आणि निकाल बाईंच्या बाजूने दिला.

दहा वर्षांनी विशाखा निकाल आला. तेव्हा आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदाच नव्हता. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने १९९३ मध्ये मान्य केला होता. न्यायालयाने तो राज्यघटनेच्या शेजारी ठेवून वाचला आणि नियम घालून दिले. संसदेला कायदा करायला पुढे २०१३ उजाडलं. मधल्या सोळा वर्षांत आम्ही कारखान्यांत तक्रार समित्या मागितल्या त्या या निकालाच्या झेरॉक्स दाखवूनच.

बंद कारखान्यांच्या थकीत देण्यांवर काम करताना मला इटलीच्या आंद्रेआ फ्रँकोविच यांची सारखी आठवण येते. त्यांच्या मालकाने पगार थकवला होता. मालकाचं दिवाळं निघालं तर कामगाराच्या पगाराची हमी देणारा निधी उभारा, असा युरोपीय समुदायाचा १९८० चा नियम होता. मुदत १९८३ ला संपली, इटलीने काही केलं नाही. १९८९ मध्ये न्यायालयाने ठपका ठेवला तरीही नाही. शेवटी १९९१ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं, की सरकारने नियम न केल्यामुळे नागरिकाचं नुकसान झालं तर भरपाई सरकारने द्यायची. पुढच्याच वर्षी इटलीत कायदा झाला. न्यायालयाच्या ठपक्याने जे झालं नाही ते देशातल्या प्रत्येक कामगाराला दावा लावता येईल या शक्यतेने झालं. आपल्याकडे असा हमी निधी नाही, आणि या विषयाचं आयएलओचं १७३ नंबरचं कन्व्हेन्शनही आपण मान्य केलेलं नाही. मुलुंड-भांडुपच्या कारखान्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले; तिथल्या काही कामगारांची ग्रॅच्युइटी मात्र त्यांच्या वारसांना कोर्टात मागावी लागली.

५. सही दिल्लीत होते, गेटवर राज्याचा माणूस उभा असतो.

राज्यघटनेच्या २५३ व्या कलमाने संसदेला कोणत्याही विषयावर आंतरराष्ट्रीय करारासाठी कायदा करता येतो. पण कारखान्यात जाऊन मस्टर तपासणारा अधिकारी बहुतेक वेळा महाराष्ट्र शासनाचा असतो. ८१ नंबरचं कन्व्हेन्शन भारताने १९४९ मध्येच मान्य केलं. निरीक्षकाने कोणत्याही वेळी, आगाऊ न कळवता आत जावं आणि गरज असेल तितक्या वेळा जावं, असं ते स्पष्ट सांगतं.

प्रत्यक्षात मंजूर पदं रिकामी राहतात, एकेका अधिकाऱ्याकडे शेकडो गाळे, गाडी नाही, टंकलेखक नाही. मरोळच्या गल्ल्यांत वरच्या मजल्यांवर पाळ्या कधी सुरू होतात हे त्याला कळणारही नाही. यात अनेक अधिकारी प्रामाणिक होते, हे मी आवर्जून सांगते. कामगार भवनात रात्री आठपर्यंत आमचे अर्ज वाचणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यानंतर २०१४ पासून केंद्राने तपासणीची ठिकाणं संगणकावर चिठ्ठ्या टाकल्यासारखी ठरवायला सुरुवात केली, आणि नव्या कामगार संहितांमध्ये निरीक्षकाचं नाव ‘निरीक्षक-नि-सुलभकर्ता’ झालं. इन्स्पेक्टरांचा जाच आणि चिरीमिरी संपवायची, हा हेतू मला समजतो. पण तक्रार आल्यावर लगेच आत जाण्याची मोकळीक गेली, तर १९४९ च्या सहीत उरतं काय? आयएलओची तज्ज्ञ समिती वर्षानुवर्षं भारताला हेच विचारते आहे. अंमलबजावणी न होण्यामागे दरवेळी वाईट नियत असते असं नाही. पुष्कळदा सही करणाऱ्याने पगाराची तरतूदच केलेली नसते.

६. अॅस्बेस्टॉस.

हा मुद्दा मला सगळ्यांत जवळचा आहे. घाटकोपरला ब्रेक लायनिंग बनवणाऱ्या एका कारखान्यात अॅस्बेस्टॉस वापरत. त्याचा तंतू फुप्फुसात गेला की वीस-तीस वर्षं गप्प बसतो. माणूस निवृत्त होऊन साताऱ्याला नाहीतर कोकणात गावी गेला की धाप लागायला सुरुवात होते. गावचा डॉक्टर क्षयाचं औषध देतो. त्याने काम काय केलं होतं, हे कोणी विचारतच नाही.

अॅस्बेस्टॉसच्या सुरक्षित वापराबद्दलचं १६२ नंबरचं कन्व्हेन्शन १९८६ चं. भारताने ते मान्य केलेलं नाही. तरी २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात आयएलओच्या मानकांचा आधार घेतला: कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं ठेवा, विमा उतरवा, आजार सिद्ध झाल्यास एक लाख रुपये द्या. या निकालाच्या बळावर आम्ही जुन्या कामगारांना गावाहून बोलावून घेतलं. छातीचे एक्स-रे, कामाचे दाखले, पगाराच्या चिठ्ठ्या गोळा केल्या. पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेलं तीस वर्षांपूर्वीचं ओळखपत्र कुणाच्या तरी बायकोने काढून दिलं की जिवात जीव यायचा. एक्स-रेवरचे डाग अॅस्बेस्टॉसचेच, असं लिहून देणारा डॉक्टर मिळवणं सर्वांत कठीण होतं.

आता दिल्लीचं वागणं बघा. अॅस्बेस्टॉसच्या खाणींचे नवे पट्टे देणं १९८६ मध्येच थांबवलं गेलं, म्हणजे धोका माहीत होता. आयात मात्र चालू राहिली, मुख्यतः रशियातून, सिमेंटच्या पत्र्यांसाठी. घातक रसायनांच्या व्यापाराचा रॉटरडॅम करार आहे. त्याच्या यादीत पांढरा अॅस्बेस्टॉस टाकायचा का, यावर दर दोन वर्षांनी वाद होतो. यादीत टाकणं म्हणजे बंदी नव्हे. निर्यात करणाऱ्याने धोका सांगायचा आणि आयात करणाऱ्याने जाणून संमती द्यायची, एवढंच. २०११ च्या जिनिव्हा बैठकीत भारताने आपला विरोध सोडला आणि सभागृहात टाळ्या झाल्या. आमच्या कार्यालयात त्या दिवशी मोठा आनंद झाला. २०१३ मध्ये भारताने पुन्हा विरोध केला.

त्या दोन वर्षांत विज्ञान बदललं नव्हतं. पत्र्याचा धंदा देशभर पसरलेला आहे, संघटित आहे, मंत्रालयाच्या दारात उभा आहे. आजारी माणसं विखुरलेली, म्हातारी, आपला आजार कशाचा हेही न कळलेली. करार पाळण्याचा खर्च थोड्यांच्या खिशातून जातो आणि फायदा पुष्कळांना उशिरा मिळतो, तेव्हा सरकार त्या थोड्यांचं ऐकतं. याचा राग मला आजही येतो, आणि तो यावाच असं वाटतं.

७. धंद्यालाच हवं असेल तर मान्यता पटकन येते.

बायकांना कारखान्यात रात्रपाळी मना करणारं ८९ नंबरचं कन्व्हेन्शन आपण १९५० मध्ये स्वीकारलं होतं. पुढे निर्यात क्षेत्रांतल्या कारखान्यांना रात्री काम करणाऱ्या बायका हव्या झाल्या. १९९० चा सवलतीचा प्रोटोकॉल भारताने २००३ मध्ये मान्य केला. पुष्कळ बायकांनाही ती पाळी हवी होती, त्यामुळे माझा विरोध नव्हता. घरी सोडणाऱ्या गाडीसाठी मात्र आम्हाला वेगळं भांडावं लागलं.

८. करार नसतानाही कायदा होतो, आणि करार असला तर त्याला आपणच जागं ठेवायचं असतं.

माथाडी कायदा, १९६९ कोणत्या कन्व्हेन्शनमुळे आला नाही. तो अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीने आणला. घरकामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा केला. आयएलओचं १८९ नंबर त्यानंतर, २०११ मध्ये आलं. जिनिव्हात भारताने त्याच्या बाजूने मत दिलं. मान्यता अजून दिलेली नाही. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या सोसायट्यांत चार-पाच घरची कामं करणाऱ्या बाईला आठवड्याची सुट्टी आणि किमान वेतन हवं असेल, तर ते मत तिच्या कामाचं आहे: जगासमोर ‘हो’ म्हणालात, मग इथे का नाही?

हे विचारायची रीत ठरलेली आहे. मान्य केलेल्या कन्व्हेन्शनवर सरकारला ठरावीक वर्षांनी जिनिव्हाला अहवाल पाठवावा लागतो. आयएलओच्या घटनेच्या २३ व्या कलमाप्रमाणे त्याची प्रत मालक आणि कामगारांच्या प्रातिनिधिक संघटनांना द्यावी लागते. संघटनांना त्यावर आपलं म्हणणं थेट पाठवता येतं, आणि वर्षाच्या शेवटी बसणारी तज्ज्ञ समिती ते वाचते. समितीने छापील प्रश्न विचारला की दिल्लीतल्या कुणातरी अधिकाऱ्याला उत्तर लिहायला बसावं लागतं आणि तो मुंबईकडून आकडे मागवतो. मग कामगार भवनात एक फाइल उघडते. मान्यता नसलेल्या कन्व्हेन्शनवरही अधूनमधून अहवाल मागवले जातात, तीही संधी सोडू नये.

म्हणून नव्या मुलांना मी तपासणीची टिपणं ठेवायला शिकवते आहे: कोणत्या गाळ्यात, कोणत्या तारखेला तक्रार दिली, निरीक्षक आला की नाही, आला तर किती दिवसांनी, आत जाऊ दिलं का, पुढे काय केलं. मरोळ, साकीनाका, भांडुप आणि मुलुंड अशी चार वह्यांची वाटणी झाली आहे. ८१ नंबरवरचं आमचं टिपण केंद्रीय महासंघामार्फत १ सप्टेंबरच्या आत जायला हवं. भांडुपची वही अजून अर्धीच भरली आहे. ज्यांच्याकडे तक्रारींच्या पोचपावत्या असतील त्यांनी त्या कार्यालयात आणून द्याव्यात.